टीपी कुणाच्या हातात?

१२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभरात यूपीआयनं मान टाकली. पोहे खाऊन झालेले, कटिंग संपलेला, टपरीवरचा स्कॅनर समोर... आणि मोबाइलवर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. 'दादा, दुसऱ्या अ‍ॅपवरून करून बघू का?' हा डायलॉग त्या दिवशी किती जणांनी मारला असेल, मोजदाद नाही. पाकीट बाळगायची सवयच सुटलेल्या आपल्या पिढीला त्या दिवशी दहाच्या नोटेची किंमत कळली!

पण खरी गंमत पुढे आहे. यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं, म्हणजे एनपीसीआयनं कारण शोधलं, तेव्हा बाहेरचा कुणी व्हिलन सापडलाच नाही. सापडली ती घरचीच मंडळी. यूपीआयमध्ये 'चेक ट्रान्झॅक्शन' नावाची एक छोटीशी सर्व्हिस आहे. पैसे पोचले की अडकले, एवढंच ती सांगते. काही बँकांच्या सिस्टिम्स तिला तोच प्रश्न परत परत विचारत राहिल्या. झालं का? आता झालं का? आणि आता? जुन्या व्यवहारांचीसुद्धा चौकशी चालूच! एकेकट्याचं बघाल तर प्रश्न अगदी साधा, विचारणाऱ्याचा हेतूही चांगला. सगळ्यांनी मिळून विचारला आणि दुकान बसलं.

म्हणजे घोळ नुसत्या मशीनचा नव्हता, वागण्याचाही होता. सामायिक सर्व्हिसेस कुणी बनवायच्या, कुणी किती वापरायच्या, बदल करताना कुणाला सांगायचं आणि मोडल्या तर कुणी उठायचं, याच्या रीतीभातींना आयटीतले लोक 'एसओए गव्हर्नन्स' म्हणतात. नाव ऐकूनच जांभई येते ना? थांबा. मीटिंगमध्ये झोप आणणारा हा विषय तुमच्या पगारापासून पिझ्झापर्यंत सगळ्याला चिकटलेला आहे. आणि त्याचा सगळ्यात भारी क्लास हिंजवडीत नाही, बंगळूरुतही नाही, तर गडचिरोलीच्या जंगलात भरतो. कसा, ते सांगते. पण आधी फंडा क्लिअर करून घेऊ.

एक अ‍ॅप, पन्नास खिडक्या

एसओए म्हणजे सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर. शब्द तसा जुना, गार्टनर या संस्थेच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये वापरलेला. कल्पना सोपी. एकच अवाढव्य सॉफ्टवेअर लिहायचं नाही. कामाचे तुकडे करायचे. लॉगिन एक सर्व्हिस पाहणार, पत्ता दुसरी, पेमेंट तिसरी, एसएमएस पाठवणार चौथी. प्रत्येक सर्व्हिस म्हणजे सरकारी कचेरीतली एक खिडकी समजा. ठरलेल्या फॉर्मवर प्रश्न द्या, ठरलेल्या फॉर्मवर उत्तर घ्या. आत कोण बसलंय, चहा पितंय की फाइल शोधतंय, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही.

फायदा उघड आहे. पत्त्याची खिडकी एकदा उघडली की बिलिंगवाले, कुरिअरवाले, मार्केटिंगवाले सगळे तिथेच येणार. तेच काम चार वेळा करायला नको.

लोचा इथूनच सुरू होतो. समजा, पत्त्याची सर्व्हिस सांभाळणाऱ्या टीमनं शुक्रवारी संध्याकाळी पिनकोडचा रकाना जरासा बदलला. त्यांच्या मते सुधारणा! शनिवारी पहाटे तीन वाजता कुरिअरच्या टीममधल्या पोरीचा फोन वाजतो. ऑर्डर्स अडकल्यात. ती बिचारी स्वतःचं कोड तपासत बसते, जे ठणठणीत आहे. सोमवारी दुपारी कळतं की घोळ पिनकोडचा होता. आणि मंगळवारी कळतं की ती सर्व्हिस आणखी एक टीम वापरत होती, जिचा पत्ता 'पत्त्याच्या' टीमलाही नव्हता.

हे सगळं मोठमोठ्यांना भोगावं लागलंय. अ‍ॅमेझॉनमध्ये काम केलेला इंजिनीअर स्टीव्ह येगी यानं २०११ मध्ये लिहिलेलं एक टिपण फार गाजलं. त्यानं लिहिलं, की २००२च्या आसपास जेफ बेझोसनं फर्मान काढलं: प्रत्येक टीमनं आपला डेटा सर्व्हिसमार्फतच द्यायचा, मागचे दरवाजे बंद, न ऐकणाऱ्याला नारळ. टीम्सनी ऐकलं. मग त्यांना काय काय शिकावं लागलं, याची येगीनं यादीच दिली. शेजारची टीमच अचानक तुमची सर्व्हिस आडवी पाडू शकते, म्हणून प्रत्येक सर्व्हिसवर कोटा हवा. तक्रार खऱ्या मालकापर्यंत पोचायच्या आधी टीमटीममधून टोलवली जाते. आणि कुठली सर्व्हिस कुठे आहे हे शोधायलाच एक वेगळी सर्व्हिस लागते.

तांत्रिक भाग सोडा, हे सगळं चाळीतल्या पाण्याच्या टाकीसारखंच नाही का? टाकी बांधणं सोपं. सकाळी सात वाजता कुणी किती बादल्या भरायच्या, तिथे खरी कसोटी.

यादी केली, प्रश्न मिटला?

यावर पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो. यादी करा! २००० साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट वगैरे दिग्गजांनी 'यूडीडीआय' नावाची योजना आणली. जगभरातल्या सर्व्हिसेसची जणू टेलिफोन डिरेक्टरी. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली ती सार्वजनिक यादी जानेवारी २००६ मध्ये बंद झाली. आजही कित्येक ऑफिसांत सर्व्हिसेसची एक एक्सेल शीट असते, जी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी शेवटची उघडलेली असते. यादी कामाचीच, पण ती रोज जगवणारं माणूस लागतं.

दुसरा उपाय म्हणजे साहेबी. एक रिव्ह्यू बोर्ड बसवा, सगळ्यांनी त्याची परवानगी घ्या. अठ्ठावीस रकान्यांचा फॉर्म, दर गुरुवारी मीटिंग, पुढची तारीख. मग काय होतं? हुशार पोरं मागच्या दारानं काम उरकतात. बोर्डाला वाटतं सगळं कंट्रोलमध्ये आहे आणि प्रत्यक्षात कुठली सर्व्हिस कोण वापरतंय, हे कुणालाच ठाऊक नसतं.

एकीकडे मोकाट, दुसरीकडे परवानगीराज. मधली वाट आहे का? आहे, आणि ती धानोऱ्याकडे जाते.

मेंढ्याचा क्लास

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव आहे. गावाला लागून सुमारे अठराशे हेक्टर जंगल. आता जंगल म्हणजे काय? सामायिक सर्व्हिसच की! बांबू तिथूनच, मोह तिथूनच, सरपण तिथूनच, मध तिथूनच. प्रत्येकानं स्वतःपुरता 'थोडासाच' जास्त घेतला तरी रांजी संपते. बांबूच्या बेटाला तिकडे रांजी म्हणतात. कोवळे कोंब ओरबाडले तर पुढच्या वर्षी उभा बांबू कुठून येणार?

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा तुम्ही ऐकली असेल. गावचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ही त्यामागची दोन ठळक नावं. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणांच्या विरोधात या भागात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, त्यातून या विचाराला धार आली. पण घोषणा सोडून गावाची कामाची पद्धत बघा. आपल्या विषयाचा सगळा मसाला तिथे आहे.

मेंढ्यात दोन वेगळ्या जागा आहेत. एक ग्रामसभा, जिथे निर्णय होतो. दुसरी अभ्यास गट, जिथे निर्णय होतच नाही! ज्याला एखाद्या विषयात रस आहे, तो गटात बसतो. बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात. कायदा काय म्हणतो, जंगलात काय चाललंय, मध काढताना मधमाशी कशी वाचवायची, यावर वाद घालतात, माहिती जमवतात. मग विषय ग्रामसभेत जातो. तिथे बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं ठरतं. एखाद्याचा विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलतात, परत बोलतात.

आता तुमच्या ऑफिसातली आर्किटेक्चर मीटिंग आठवा. शिकणं आणि ठरवणं एकाच तासात कोंबलेलं. ज्याला विषय कळला नाही तो इज्जतीपायी गप्प. ज्याला कळलाय तो घाईत. साहेब म्हणतात, 'सो वी आर अलाइन्ड?' सगळे माना डोलावतात, आणि तीन महिन्यांनी कुणीच तो नियम पाळत नाही. मेंढ्याचा साधा धडा असा: ज्याला नियम पाळायचाय, त्याला तो आधी समजला पाहिजे, आणि समजायला ठरवण्याच्या प्रेशरपासून दूर अशी जागा हवी.

हे काही गावाकडचं रोमँटिक कौतुक नाही, बरं का. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीनं जगभरातली सामायिक जंगलं, मासेमारी आणि पाटाचं पाणी अभ्यासलं. १९९० मध्ये तिचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' हे पुस्तक आलं आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. तिला दिसलं ते असं: सामायिक गोष्ट टिकते तिथे काही खुणा सारख्या असतात. वापरणारे कोण, हे नक्की असतं. नियम बनवण्यात वापरणाऱ्यांचाच हात असतो. वापरावर कुणाची तरी नजर असते आणि ती नजर गावालाच उत्तरदायी असते. नियम मोडला तर पहिल्यांदा छोटी शिक्षा, मग मोठी. भांडण मिटवायची स्वस्त जागा जवळच असते. यातला 'गाव' शब्द काढून 'टीम' टाका, झालं तुमचं गव्हर्नन्स डॉक्युमेंट! अठ्ठावीस रकान्यांची गरज नाही.

टीपी म्हणजे टाइमपास नव्हे

आता शीर्षकाकडे. आपल्यासाठी टीपी म्हणजे टाइमपास. गडचिरोलीत टीपी म्हणजे ट्रान्झिट पास. बांबू जंगलातून बाहेर न्यायचा तर हा वाहतूक परवाना लागतो. तो नसेल तर तुमचा बांबू म्हणजे रस्त्यावर अडवला जाणारा माल.

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशातले पहिले म्हणून त्यांची नोंद घेतली जाते. पूर्वी इथला बांबू सरकारी करारानं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जायचा. आता तो गावाचा. पार्टी? अजिबात नाही. कारण टीपीचं पुस्तक वनखात्याच्याच हातात होतं. हक्क गावाचा, सही दुसऱ्याची. कागदावर मालक, पण एक काठीही विकता येईना! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्क मिळाल्यापासून हातात पुस्तक येईपर्यंत दीड वर्षाच्या आसपास काळ गेला.

ऑफिसात हेच चालतं. 'तू या सर्व्हिसचा ओनर,' असं मेलमध्ये लिहून येतं. छान! पण सर्व्हर वाढवायचा तर बजेट फायनान्सकडे. नवं व्हर्जन टाकायचं तर परवानगी दुसऱ्या टीमची. जास्त रिक्वेस्ट मारणाऱ्या टीमला रोखायचं तर 'ते व्हीपींचे लाडके आहेत, जाऊ दे.' पहाटे तीनला फोन मात्र तुझ्याच उशाशी वाजणार. ही मालकी नाही, ही नुसती जबाबदारी आहे. माझ्या ओळखीतल्या थकून राजीनामा टाकलेल्या कित्येक इंजिनीअर्सची स्टोरी ऐकली, तर काम जास्त होतं ही तक्रार कमी असते. 'माझ्या हातात काहीच नव्हतं' ही जास्त.

एखाद्या सर्व्हिसचा कारभार नीट चालणार की नाही, हे ओळखायचं तर डॉक्युमेंट मागू नका. विचारा, टीपी कुणाच्या हातात आहे?

बंद करायची हिंमत

आणखी एक गाव, या वेळी चंद्रपूर जिल्ह्यातलं. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेनं स्वतःचे नियम लिहिले, बांबूची तोड आणि विक्री स्वतः सुरू केली. पण मला सगळ्यात भावला तो त्यांचा 'नाही' म्हणण्याचा निर्णय. तेंदूपत्ता. विडीला लागणारं हे पान म्हणजे विदर्भाच्या जंगलपट्ट्यातली उन्हाळ्याची रोख कमाई. पण चांगली कोवळी पालवी मिळावी म्हणून झाडं छाटली जातात, जंगलात आग लावली जाते. पाचगावनं हिशेब केला आणि तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं. बांबूवर भर द्यायचा.

सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिस सुरू करताना केक कापतात. बंद करताना कुणी फिरकत नाही. म्हणून जुन्या, अर्धमेल्या सर्व्हिसेस वर्षानुवर्षं चालू राहतात. कुणीतरी वापरत असेल या भीतीनं. त्यांचा सर्व्हर खर्च चालू, सुरक्षेची भोकं चालू. कारभार शिकायचा म्हणजे मोठं होणं शिकायचं, तसं आवरतं घेणंही शिकायचं. कुणाला फटका बसेल ते आधी शोधायचं, त्यांना पर्याय द्यायचा, तारीख सांगायची आणि त्या तारखेला खरंच बंद करायचं.

पण ऑफिस म्हणजे गाव नव्हे...

मान्य. मेंढ्यात सगळे एकमेकांना नावानं ओळखतात, उद्याही तिथेच राहणार आहेत. ऑफिसात दर सहा महिन्यांनी टीम्स बदलतात, सर्व्हिसेस शेकड्यांनी असतात. पहाटे तीनला सर्व्हिस पडली तर सर्वसहमतीची वाट बघत बसता येत नाही. तेव्हा एकानंच ठरवायचं असतं. पण त्या एकाला तो अधिकार आहे, हे मात्र दिवसाउजेडी, सगळ्यांनी मिळून आधीच ठरवता येतं.

आणि नियम करायला मोठी सिस्टिम नाही म्हणत नाही. परत यूपीआयकडे बघा. मे २०२५ मध्ये यूपीआयवर १८०० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढ्या गर्दीत एनपीसीआयनं त्याच महिन्यात बँका आणि अ‍ॅप्ससाठी नियम काढले, ते ऑगस्ट २०२५ पासून लागू झाले. एका अ‍ॅपवरून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघायचा. नंबरला जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळाच. ऑटोपेचे हप्ते गर्दीच्या वेळा टाळून कापायचे, म्हणजे सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ सोडून. आणि तो कुप्रसिद्ध 'झालं का?'वाला प्रश्न एका व्यवहारासाठी जास्तीत जास्त तीनदा. न पाळणाऱ्याला दंडापासून नवे ग्राहक जोडण्यावर बंदीपर्यंत चढती शिक्षा. ऑस्ट्रॉमबाईंनी मान डोलावली असती!

म्हणजे रांजीतून किती बांबू काढायचा, हे शेवटी मुंबईलाही ठरवावंच लागलं. फरक एवढाच की मुंबईला आधी ठेच लागली.

तर दोस्तहो, तुम्ही कोड लिहीत असा, टेस्टिंग करत असा किंवा नुसतं एचआरमध्ये बसून 'सिस्टिम डाऊन आहे' ऐकत असा, सोमवारी चहाच्या ब्रेकला हे पाच प्रश्न टाकून बघा:

१. आपण जी सर्व्हिस चालवतो, ती नक्की कोण कोण वापरतं? नावं सांगता येतील?
२. काही बदलायचं असेल तर त्यांना किती दिवस आधी कळतं, आणि कसं?
३. एकानं जास्त ओढलं तर आपल्याला दिसतं का? त्याला आधी प्रेमानं, मग कडकपणे कोण सांगणार?
४. नियम बनवताना वापरणाऱ्यांपैकी कुणी हजर होतं का?
५. पहाटे ज्याचा फोन वाजतो, त्याच्या हातात टीपी आहे का?

पाचव्या प्रश्नावर टेबलाभोवती शांतता पसरली, तर समजा अभ्यास गट सुरू करायची वेळ झालीय. दर बुधवारी अर्धा तास, चहा आणि बिस्किटं, निर्णय काहीच घ्यायचा नाही. फक्त एकेक सर्व्हिस समजून घ्यायची. साहेबांना सांगा, टीपी करतोय. खोटं नाही ते!

कळवा मग, काय उत्तरं मिळाली ते.